जॉनी इंग्लिश: तुम्ही कुठे पाहिलात, कोणासोबत, आणि हसलात का?

स्वतःला फार हुशार समजणाऱ्या जॉनी इंग्लिश या ब्रिटिश हेराच्या विनोदी चित्रपटाचा पहिला भाग मी पहिल्यांदा पाहिला तो होस्टेलवर, भाड्याने आणलेल्या व्हीसीडीवर. एका खोलीत चौदा जण, निम्मे कॉटवर, निम्मे चटईवर. त्यात दफनभूमीचा प्रसंग येतो. राजमुकुट पळवणाऱ्यांच्या शववाहिकेचा पाठलाग करता करता जॉनी भलत्याच अंत्यविधीत जाऊन उभा राहतो. समोर खरोखर कोणीतरी गेलेलं आहे, माणसं रडताहेत, आणि हा ठासून सांगतोय की तुमची सगळी नाटकं मला कळली आहेत. शेवटी बेन मिलरने रंगवलेला मदतनीस येतो आणि 'हा आमच्याकडून पळालेला वेडा आहे' असं भासवून त्याला सोडवून नेतो. मला हसू आलं, मग लाज वाटली, मग आणखी हसू आलं. खोलीतला एक मित्र मात्र उठून बाहेर गेला. त्याचे आजोबा महिन्यापूर्वीच गेले होते.

तेव्हापासून मला वाटतं की या चित्रपटाबद्दलचं मत सीडीवर कमी आणि आपण कोणासोबत, कोणत्या दिवशी बसलो होतो यावर जास्त ठरतं. एकूण तीन भाग झाले: २००३, २०११ आणि २०१८. तिन्हींत रोवन अ‍ॅटकिन्सन. आवडला असेल तर कोणता प्रसंग ते सांगा, नसेल आवडला तर तेही मोकळेपणाने लिहा. 'आचरटपणा आहे' एवढंच लिहून थांबू नका, नेमकं काय खटकलं ते सांगा.

नातू, कोल्हापूर

आमच्या आज्जीला इंग्रजी येत नाही आणि ऐकायलाही कमी येतं. दुसरा भाग लावला होता आम्ही पोरांनी, ती कोपऱ्यात शेंगा फोडत बसली होती. पंतप्रधानांसोबतच्या गंभीर बैठकीत जॉनीची खुर्ची आपोआप वर-खाली व्हायला लागते तो प्रसंग आला. बाकी सगळे देशाच्या सुरक्षिततेवर बोलताहेत आणि हा चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता वर जातोय, खाली येतोय. आज्जीच्या हातातली शेंग तशीच राहिली. पदराने डोळे पुसत म्हणाली, "अरे, कुणीतरी धरा की त्या बाबाला!" तो प्रसंग तिला तीनदा मागे नेऊन दाखवला. एक शब्द समजावून सांगावा लागला नाही.

लंडनमध्ये राहणारी

६ मे २०२३ ला राजे चार्ल्स यांचा राज्याभिषेक आम्ही घरी टीव्हीवर बघत होतो. आर्चबिशप सेंट एडवर्डचा मुकुट दोन्ही हातांनी उचलू लागले आणि माझा नवरा आणि मी एकमेकांकडे बघितलं. पहिल्या भागाचा शेवट आठवला! जॉन माल्कोविचने रंगवलेला फ्रेंच उद्योगपती इंग्लंडचा राजा व्हायला निघालेला, आर्चबिशप तोतया आहे अशी जॉनीची पक्की खात्री, आणि भर समारंभात तो त्यांची विजार खाली ओढतो. आर्चबिशप खरेच निघतात. पुढे मुकुट येऊन पडतो तो जॉनीच्याच डोक्यावर. पडद्यावर दिसतं ते वेस्टमिन्स्टर अ‍ॅबे नाही, चित्रीकरण सेंट ऑल्बन्सच्या कॅथेड्रलमध्ये झालं. आम्ही मुद्दाम जाऊन पाहून आलो.

इथल्या माझ्या वयस्कर सहकाऱ्यांना जॉनी चित्रपटाच्या आधीपासून ओळखीचा होता. नव्वदच्या दशकात बार्कलेकार्डच्या जाहिराती लागत, त्यांत अ‍ॅटकिन्सन असाच स्वतःवर खूश असलेला हेर व्हायचा, नाव लॅथम. त्यातूनच पुढे हे पात्र उभं राहिलं. त्यामुळे इथे लोक त्याच्याबद्दल बोलतात ते गल्लीतल्या एखाद्या काकांबद्दल बोलावं तसं. आपल्याकडे अशोक सराफांबद्दल बोलतात ना, तसं.

पुणे

मला नाही आवडला. पहिल्या भागात हा किल्ल्यात शिरायला संडासाच्या नळातून वर चढतो, आणि त्याच वेळी वर कोणीतरी बसतं. मी जेवताना बघत होते. तिथेच बंद केला, पुन्हा लावला नाही. दुसऱ्या भागात झाडूवालीच्या वेषातल्या मारेकरी बाईच्या संशयाने तो आपल्याच वरिष्ठांच्या आईवर, घरच्या समारंभात, तुटून पडतो. माझ्या सहा वर्षांच्या मुलीने विचारलं, "आजीला का मारतोय?" मला उत्तर देता आलं नाही.

बाँडपटांचा भक्त, नाशिक

मला विडंबन आवडलं, पडापडी तेवढी नाही. पहिल्या भागाच्या तीन लेखकांपैकी नील पर्व्हिस आणि रॉबर्ट वेड यांनीच १९९९ आणि २००२ चे बाँडपट लिहिले होते, हे कळल्यावर मी पुन्हा बघितला. मग कळलं की साचा किती इमानदारीने वापरलाय. अ‍ॅस्टन मार्टिन आहे, युक्तीची उपकरणं आहेत, वरिष्ठांचं ऑफिस आहे, राज्य बळकावायला निघालेला श्रीमंत खलनायक आहे. फक्त मधला माणूस बदललाय. इमारतीवर हवाई छत्रीने उतरायचं, तर मदतनीस बरोबर ठिकाणी आणि जॉनी शेजारच्या तशाच दिसणाऱ्या इमारतीत, म्हणजे हॉस्पिटलात. तिथल्या रुग्णांवर तो पूर्ण रुबाबात पिस्तूल रोखतो. हा प्रसंग मला अख्ख्या मालिकेत सर्वात आवडतो. आणि अ‍ॅटकिन्सन स्वतः १९८३ मध्ये शॉन कॉनरीच्या बाँडपटात छोट्या भूमिकेत होता, हे फार जणांना माहीत नसतं.

हौशी नाटकवाला, सांगली

वर आचरटपणाचा विषय निघालाय म्हणून जरा सविस्तर लिहितो. राज्य नाट्य स्पर्धेत आम्ही दोनदा फार्स केला आणि दोन्ही वेळा तोंडावर पडलो, कारण आम्हाला वाटायचं की जोरात पडलं, ओरडलं की लोक हसतात. तालमीत दुसऱ्या भागातला हाँगकाँगचा पाठलाग लावून बघितला आणि डोळे उघडले. पुढे तरुण मारेकरी, माकडासारखा उड्या मारणारा. तो कुंपणावरून झेपावतो, हा शेजारचं फाटक उघडून चालत जातो. तो जीव धोक्यात घालून खाली उतरतो, हा लिफ्टने जातो. पन्नाशीतला माणूस, सूट चुरगळत नाही, श्वास लागत नाही. प्रत्येक वेळी कॅमेरा आधी त्या पोराचे कष्ट पूर्ण दाखवतो, घाई करत नाही. मग थोडं थांबतो. मग फाटकाची कडी. ते थांबणं आमच्या फार्समध्ये नव्हतं. आम्ही त्या थांबण्यावर तीन आठवडे घालवले, मोजून. आमच्या नायकाने दार उघडण्याआधी दोनपर्यंत आकडे मोजायचे, असं ठरलं. त्या वर्षी प्रेक्षागृहात पहिल्यांदा आमच्या हशाच्या लाटेला संवाद अडला.

आणि लक्षात घ्या, त्या प्रसंगात जॉनी मूर्ख नाही. तिथे तो सर्वांत शहाणा आहे. दर वेळी तो चुकलाच असता तर दुसऱ्याच भागात कंटाळा आला असता.

शिक्षिका, अकोला

तिसऱ्या भागाला लोक नावं ठेवतात. कथा पातळ आहे, मान्य. पण त्याच्या सुरुवातीला जॉनी शाळेत शिक्षक झालेला आहे आणि भूगोलाच्या नावाखाली पोरांना हेरगिरी शिकवतोय, ते मला फार जवळचं वाटलं. त्याचे विद्यार्थी त्याच्यावर जीव टाकतात. सुट्टीच्या आदल्या दिवशी आठवीच्या वर्गाला तो भाग दाखवला. डोळ्यांवर आभासी जगाचा चष्मा लावून तो लंडनच्या रस्त्यावर निघतो आणि खऱ्या माणसांना शत्रू समजून लांबलचक पावांनी बडवतो, तिथे पोरं बाकांवर उभी राहिली. एक मुलगा वर्षभर वर्गात एक शब्द बोलला नव्हता. सुट्टीनंतर तो माझ्या टेबलाजवळ आला आणि डोळे मिटून, हात पुढे करून, तो अख्खा प्रसंग करून दाखवला. मला तिसरा भाग वाईट म्हणता येणार नाही.

पनवेल

कोल्हापूरच्या आज्जींचं वाचून राहवलं नाही. माझ्या वडिलांना गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, बोलणं अजून नीट येत नाही. टीव्ही लावला की मालिकांचे संवाद त्यांना पेलत नाहीत, पाच मिनिटांत रिमोटकडे बोट दाखवतात. या रविवारी दुसरा भाग लावणार आहे. खुर्चीबद्दल आधी काही सांगणार नाही.