खचलेल्या गादीवाफ्यांत वसंतातील लागवड: भर कशाची घालावी आणि आधी काय पेरावे?

नमस्कार. घराच्या बागेत लाकडी फळ्यांच्या चौकटीतले तीन गादीवाफे आहेत. प्रत्येकाची रुंदी १२० सेंमी आणि उंची ३० सेंमी आहे. तळाशी वाळक्या फांद्या व पालापाचोळा, त्यावर माती आणि कंपोस्ट अशी भरणी आहे. तळातला पाला कुजत गेल्यामुळे हिवाळा संपता संपता माती काठापासून चांगली चार बोटे खाली बसली आहे. लागवडीपूर्वी ही तूट कशी भरून काढावी, याबद्दल अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे.

नुसते कंपोस्ट घालणे सोपे आहे, पण ते एकदा पूर्ण वाळले की पाणी लवकर धरत नाही, आणि त्यातले क्षार गाजरासारख्या नाजूक बियांना सोसत नाहीत. म्हणून दोन भाग माती आणि एक भाग पूर्ण कुजलेले कंपोस्ट असे मिश्रण घालण्याचा विचार आहे. वाफे खोल खणण्याची मात्र मनाची तयारी नाही, कारण अर्धवट कुजलेले लाकूड वरच्या थरात मिसळले, तर ते कुजवणारे जिवाणू मातीतले नत्र वापरून टाकतात आणि कोवळी रोपे पिवळी पडतात. भर वरच्यावर पसरून हलक्या हाताने मिसळली तर पुरेल का?

दुसरा प्रश्न क्रमाचा आहे. पालक, मुळा आणि वाटाणा थंड मातीतही उगवतात. टोमॅटो, मिरची आणि काकडी यांना मात्र माती १५ अंश सेल्सियसच्या वर गेलेली लागते, आणि रात्रीच्या गारठ्याने त्यांची वाढ खुंटते. गादीवाफा जमिनीपेक्षा लवकर तापतो, त्यामुळे वाफसा (माती ओलसर पण चिकट न राहण्याची, पेरणीजोगी स्थिती) येताच टोमॅटोच्या वाफ्यात मुळा व पालक पेरावा आणि रोपे लावायची वेळ येईल तेव्हा तो काढून घ्यावा, असा बेत आहे. वाटाणा जास्त काळ जागा अडवतो. त्याला गेल्या हंगामात टोमॅटो असलेला वाफा द्यायचा आहे. तेवढाच पिकांचा फेरपालटही होईल. पालकाने उचललेले नत्र टोमॅटोला कमी पडेल का, की रोपे लावताना प्रत्येक खड्ड्यात ओंजळभर कंपोस्ट घातले म्हणजे भागेल?

तिसरी शंका आच्छादनाची. वाफ्यांवर हिवाळाभर वाळलेल्या गवताचा जाड थर आहे. तो ठेवला तर माती थंड राहते आणि काढला तर वरचा थर भराभर सुकतो. माझा कल तो आता बाजूला करून, माती तापल्यावर रोपांभोवती पुन्हा पसरण्याकडे आहे. मधल्या काळात पेरलेल्या बियांचा ओलावा आपण कसा टिकवता, हे कृपया सविस्तर सांगावे.

उत्तरात आपल्या वाफ्याची उंची आणि तो तळाशी जमिनीला खुला आहे की बंद, हेही लिहिल्यास मोठी मदत होईल, कारण निचरा आणि पाण्याचे प्रमाण त्यावरच ठरते. माझे तिन्ही वाफे तळाशी खुले आहेत.