मुलीची साखर काठावर आलीय, घरातलं खोबरं बंद करू का?

डिचोलीची आई

नमस्कार. मुलगी पंधरा वर्षांची, यंदा दहावीत. मानेवर मागच्या बाजूला काळपट पट्टा आला, घासून जाईना, म्हणून डॉक्टरांकडे नेलं. एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 5.9, उपाशीपोटी साखर 104. वजन जास्त आहेच. मधुमेह नाही पण त्या वाटेवर आहे, तेलकट कमी करा, तीन महिन्यांनी या, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून घरात वाद. नणंद म्हणते खोबरं, तूप पूर्ण बंद. सासूबाई म्हणतात नारळाशिवाय हुमण (माशांची आमटी) कसलं. आणि मुलीनं स्वतःच तूप, मासे सगळं सोडलंय. भूक लागली की पाव खाते. क्लासच्या आधी मिरची भजी आणि भाजी-पाव ठरलेलं. साखर गोडानं वाढते ना? मग तेलातुपाचा संबंध काय? नक्की काय बंद करू?

सावर्डेकर

ताई, आमच्या मुलाचा रिपोर्टही असाच होता. त्याला संध्याकाळचा फुटबॉल परत सुरू करून दिला, दहावी असूनही. या वयाला रोज तासभर अंग हलायलाच हवं. खाण्याचं जाणकार सांगतील.

आहारतज्ज्ञ, म्हापसा

ताई, आधी मुलीला मासे परत वाढा. तेल-तूप सोडून ती जागा पावानं भरली, तर साखरेच्या दृष्टीनं तोटाच आहे.

तेलातुपानं साखर लगेच चढत नाही. पण गरजेपेक्षा जास्त खाल्लेली चरबी यकृतात आणि स्नायूंत साठते, तिथे इन्सुलिनचं काम अडतं, आणि स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडावं लागतं. मानेवरचा पट्टा बहुधा त्याचीच खूण. वयात येताना इन्सुलिनचा असर मुळातच थोडा कमी होतो, वजनाची त्यात भर पडते. भाजी-पाव आणि भजी यांत मैदा आणि तळण एकत्र येतात. त्यानं साखर सावकाश चढते आणि बराच वेळ वर राहते. तुमच्या यादीत मला सर्वांत जास्त खटकतं ते हेच. पॅटीसचंही तसंच. वनस्पती तुपात असतं ते घातक ट्रान्स फॅट 2 टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम 2022 पासून आहे, पण मैदा आणि बाकीची चरबी राहतेच.

आता नारळ. सासूबाईंना दुखवू नका, पण हिशेब करा. रोजच्या उष्मांकातले 10 टक्क्यांपेक्षा कमी सॅच्युरेटेड फॅटमधून (नारळ, तुपात जास्त असते ती संपृक्त चरबी) यावेत, म्हणजे 2000 कॅलरींना साधारण 22 ग्रॅम. रोज एका मध्यम नारळाचं खोबरं 300 ग्रॅम धरलं, पाच माणसांत वाटलं, तर प्रत्येकी 60 ग्रॅम. त्यातच 18 ग्रॅमच्या आसपास सॅच्युरेटेड. त्यावर फोडणीला खोबरेल तेल घेतलं तर एका मोठ्या चमच्यात आणखी 11-12 ग्रॅम. म्हणून माझं मत असं: नारळ वाटपात राहू दे, अर्ध्यावर आणा, आणि कढईत शेंगदाण्याचं किंवा राईस ब्रानचं (तांदळाच्या कोंड्याचं) तेल घ्या. तेही मोजून, महिन्याला घरात किती पिशव्या तेल येतं ते बघा. सॅच्युरेटेडच्या जागी असं तेल आलं की साखरेला थोडी मदत होते. तुपाचा एक छोटा चमचा भातावर चालेल.

बांगडा, तारली हुमणात घाला, रवा लावून तळू नका. त्यांतल्या ओमेगा-3 नं साखर उतरते असं नाही, पण रक्तातल्या चरबीला, म्हणजे ट्रायग्लिसराइडला, फायदा होतो, आणि प्रथिनांमुळे पोट भरतं, मग पावाकडे हात जात नाही. भात उकड्या तांदळाचा, एक वाटी. क्लासच्या आधी उकडलेले चणे किंवा अंडं, पोळ्यासोबत सुकी भाजी. गोड शीतपेय मात्र पूर्ण बंद. तिथे मी सूट देत नाही.

हे जिवावर घेण्यासारखं नाही, पण हलकंही घेऊ नका. 2023 मध्ये आलेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत गोव्यातल्या 26.4 टक्के प्रौढांना मधुमेह आढळला, देशात 11.4. मुलीला फार तहान लागली, रात्री लघवीला उठावं लागलं किंवा वजन आपोआप उतरू लागलं, तर तीन महिने थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

डिचोलीची आई

खूप आभार. अर्ध्या नारळावर सासूबाई तयार झाल्या! पण जून-जुलैत मासेमारी बंद, मग श्रावण. तेव्हा काय करू?

आहारतज्ज्ञ, म्हापसा

तेव्हा अळसांद्यांचं तोंडाक (चवळीची उसळ), मुगागाठी (मुगाची उसळ), खतखतं (मिश्र भाज्यांचं), त्यांत नारळ निम्मा. भाजलेल्या जवसाची चटणी रोज एक चमचा, वरून चार अक्रोड. शाकाहाराच्या दिवसांत बटाटा आणि साबुदाणा वाढतो, तो तेवढा आवरा. आणि मुलीच्या ताटावर सगळ्यांनी मिळून बोलू नका. घरात सर्वांना तेच जेवण वाढा.