दम्याचा रोजचा पंप : तुम्ही कसा घेता, काय त्रास झाला, भीती कशी गेली?

दारव्हा तालुका

आईला पंधरा वर्षांपासून दमा आहे. गेल्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी बुडेसोनाइडचा पंप लावून दिला, सकाळ-संध्याकाळ. तो हिवाळा ती पहिल्यांदा रात्रभर झोपली. उन्हाळ्यात एका लग्नात कुणीतरी तिला म्हणालं, "त्यात स्टेरॉइड राहते, हाडं पोकळ करते." तिनं घरी येऊन पंप पेटीत टाकला आणि कुणाला काही बोलली नाही. तान्ह्या पोळ्याच्या रात्री दोन वाजता उठून पाहतो तर ती पलंगाच्या काठावर, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसलेली. एका दमात दोन शब्दही निघत नव्हते. तालुक्याला नेलं, चार दिवस ऑक्सिजन आणि नेब्युलायझर.

आता सोयाबीन सोंगायला येईल. पंप पुन्हा सुरू झालाय, पण ती तो घाबरत घाबरत घेते. डॉक्टरांनी समजावलं, मीही समजावलं. तिला तिच्यासारख्यांचं ऐकायचं आहे. रोज घेणाऱ्यांनी लिहा. चांगलं लिहा, त्रास झाला असेल तोही लिहा. मी रात्री तिला वाचून दाखवणार आहे.

मोर्शी तालुका, शिक्षिका

अकरा वर्षं झाली मला. काकूंना आकड्यात सांगून पाहा. दम उसळला की प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या देतात, मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 40 मिलिग्रॅम. म्हणजे 40,000 मायक्रोग्रॅम, आणि ते रक्तातून अख्ख्या अंगात फिरतं. माझा पंपही स्टेरॉइडचाच, पण दिवसभराचा मिळून 400 मायक्रोग्रॅम. दोन्ही औषधांची ताकद सारखी नसते, तरी वजनात शंभर पटींचा फरक आहे, आणि पंपाचं औषध थेट श्वासनळीच्या सुजेवर बसतं. पंप टाळला की शेवटी गोळीच खावी लागते. मी पहिली दोन वर्षं तेच केलं.

पंपाची सवय लागत नाही. बंद केला की दमा परत डोकं काढतो, कारण आतली सूज परत येते. दंड फुगवायला पोरं घेतात ते स्टेरॉइडही वेगळं. दोन्ही बाळंतपणांत मी पंप सोडला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोटातल्या बाळाला पंपापेक्षा आईचा कोंडलेला श्वास धोक्याचा. मात्र डोस मोठा असेल आणि वर्षानुवर्षं चालला, तर हाडं आणि डोळे यांवर परिणाम होऊ शकतो, हेही खरं आहे. म्हणून मी दर वर्षी डोळे तपासते. तीन महिने दमा शांत राहिला की डोस कमी करता येतो का, हे डॉक्टरांना विचारते. स्वतःच्या मनानं कमी करत नाही.

अकोट तालुका, शेतकरी

भाऊ, माईले सांगजा का पंप घेनं आन् पंप बराबर घेनं, या दोन गोष्टी आहेत. मी वर्सभर घेतला, फरक पडे ना. ग्रामीण रुग्णालयातली सिस्टर म्हने, घेऊन दाखवा. मी तोंड उघडलं, दाबलं, आन् सारा धूर चिलमीसारखा तोंडातून बाहेर! सिस्टर म्हने, "दादा, हे औषध जिभेनं घेतलं, छातीनं कुठं घेतलं?" मंग तिनं शिकवलं. आंधी पंप हालवाचा. श्वास पुरा सोडाचा. ओठ गच्च लावाचे. श्वास हळूहळू वढाले सुरुवात केली का तवाच दाबाचं, आन् छाती भरली का धा मोजेपर्यंत कोंडून ठेवाचं. दुसरा दाब अर्ध्या मिनिटानं. असं केल्यावर तीन हप्त्यांनी रातचा खोकला गेला. पह्यल्याच दिवशी आराम पडन असं समजू नका, हे औषध हळू चालते.

सोयाबीनच्या हडंब्याजवळ, म्हंजे मळनीच्या मशीनजवळ, मी आता उभाच राहत नाही. कुटाराचा, म्हंजे भुशाचा, ढग नाकात गेला का पंप बिचारा काय करन?

मंगरूळपीर तालुका, कृषी सहायक

वरच्या दादांचं कुटाराचं बोलणं मनावर घ्या. 1980च्या दशकात स्पेनच्या बार्सिलोना बंदरात जहाजातून सोयाबीन उतरवताना उडालेल्या धुळीनं शहरात दम्याच्या साथी आल्या होत्या. आमच्याकडे तर हडंबा घराच्या अंगणात चालतो. काढणीचे आठ-दहा दिवस आईला बहिणीकडे पाठवता आलं तर पाठवा. पंप सोबत द्या.

चिमूर तालुका

बाबांना कॅप्सूलवालं यंत्र दिलं होतं, कॅप्सूल त्यात घालून आतली पावडर श्वासानं ओढायची. ते महिनाभर कॅप्सूल पाण्यासोबत गिळत होते, यंत्र डब्यातच पडून. कुणी दाखवलंच नव्हतं. आणखी एक : त्या यंत्राचा श्वास जोरात आणि खोल ओढायचा, फवाऱ्याच्या पंपासारखा हळू नाही. आणि यंत्रात फुंकायचं नाही, ओल धरून पावडर चिकटते.

घाटंजी तालुका, भजनी मंडळातली

माझा त्रास लिहिते. पंप सुरू होऊन दोन महिने झाले आणि आवाज बसला. वरचा सूर लागेना. मग जिभेवर, टाळूवर दह्याच्या सायीसारखे पांढरे डाग, भाकरीचा घास झोंबायचा. मी म्हटलं, संपलं, आता खंजिरी खुंटीला. पंप बंद करणारच होते. दवाखान्यात बाई म्हणाल्या, ही तोंडातली बुरशी आहे, औषध घशात साचलं की येते. पंप घेतल्यावर चूळ भरता का? मी कधीच भरली नव्हती. मला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यांनी बुरशीचं औषध दिलं आणि पंपाला लावायची प्लास्टिकची नळी दिली, स्पेसर म्हणतात. त्यानं औषध घशावर न आपटता छातीत जास्त जातं. आता माझा पंप मोरीजवळ, दंतमंजनाच्या डब्याशेजारी असतो. पंप घेतला की गुळण्या, आणि ते पाणी थुंकून टाकायचं, गिळायचं नाही. मग दात घासायचे. कवळी असेल तर काढून धुवायची. साखरेचा आजार असलेल्यांनी तर हे चुकवूच नये, त्यांना ही बुरशी लवकर धरते.

आर्वी तालुका, आशा सेविका

मला सर्वांत जास्त काळजी पुडीची वाटते. माझ्या भागातले एक आजोबा पंपाला "स्टेरॉइड नको" म्हणायचे आणि बाजाराच्या दिवशी नाव नसलेली पुडी आणायचे. दम लगेच बसायचा, भूकही लागायची. दोन वर्षांत चेहरा गोल झाला, हातावर निळे डाग, साखर वाढली. डॉक्टरांनी चेहरा पाहताच ओळखलं की पुडीत स्टेरॉइडची गोळी कुटलेली असणार. तुमच्या घरी कुणी अशी पुडी घेत असेल तर एकदम बंद करू नका, शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तयार होणं मंदावलेलं असतं. पुडी हातात घेऊन डॉक्टरांकडे जा.

दुसरं, आरामाच्या सालब्युटामॉलच्या पंपाचं. तो लगेच मोकळं करतो म्हणून लोक तोच धरून बसतात आणि रोजचा सोडतात. सूज तशीच राहते. वर्षाला आरामाचे तीन किंवा जास्त पंप संपत असतील तर दमा आटोक्यात नाही, असं समजा. पंपाच्या रंगावर जाऊ नका, कंपनीगणिक बदलतो. नाव वाचून घ्या. आणि काकूंना त्या रात्री झालं तसं वाक्य तुटायला लागलं, बरगड्या आत ओढल्या गेल्या, ओठ निळे पडले, तर आरामाचा पंप देत देत थेट दवाखाना.

उमरेड तालुका, आई

लेक सात वर्षांचा. त्याची उंची खुंटेल या भीतीनं मी सहा महिने डोस चोरला. डॉक्टर म्हणाले, वाढ सुरुवातीला थोडी मंदावते, मोठेपणी साधारण 1 सेंटिमीटरचा फरक राहू शकतो. तेव्हापासून दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं खुणा करते. दर संक्रांतीला एक. खुणा वर चढताहेत, आणि या वर्षी त्याची एकदाही शाळा बुडाली नाही. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळू देते. पुसला की औषध आतल्या भिंतींना चिकटतं.

वरोरा तालुका

आमच्या उन्हाचं लक्षात ठेवा. पंपाच्या खोक्यावर 30 अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं असतं. माझा पंप गाडीच्या डिक्कीत असायचा, मे महिन्यात! आता आतल्या खोलीत, चुलीपासून लांब. संपला की नाही ते पाण्यात तरंगवून कळत नाही, औषध संपलं तरी गॅस निघत राहतो. आकडा दाखवणारा नसेल तर 120 दाबांचा पंप, दिवसाला चार, म्हणजे तीस दिवस. सुरू केल्याची तारीख खोक्यावर लिहून ठेवा.

दारव्हा तालुका

सगळ्यांचं आईला वाचून दाखवलं, दोन रात्री लागल्या. अकोटच्या दादांचं ऐकून तिनं पंप घेऊन दाखवला. तिचाही धूर बाहेर येत होता. स्पेसर आणलाय. काढणीला ती मामाकडे नेरला जाईल. तिनं एकच विचारायला सांगितलंय, घाटंजीच्या ताईंना : आवाज परत आला का?

घाटंजी तालुका

आला, आईला सांगा. कोजागिरीपासून आमचा काकडा आहे. पहाटे चारला उठते, आधी पंप, मग चूळ, मग खंजिरी.