नऊ वर्षांच्या मुलीला भुताचं पुस्तक द्यावं का? (एका प्रतिसादाला दिलेलं लांबलचक उत्तर)

कंदील
परवा एका आईने साधा प्रश्न विचारला होता. मुलगी नऊ वर्षांची, हातात पडेल त्या पुस्तकाचा फडशा पाडते, आता तिला 'थोडं घाबरवणारं' रहस्य वाचायचंय, काय देऊ? त्यावर विवेकी_विंचू यांचं पहिलंच उत्तर: "मुली मुळात हळव्या असतात. भुताखेतांचं चौदाव्या वर्षापर्यंत नकोच. त्यापेक्षा शास्त्रज्ञांची चरित्रं द्या." खाली अनुमोदनांची रांग. तिथेच लिहायला घेतलं होतं, पण आवरेना, म्हणून वेगळा धागा.

मुलगा असता तर 'हळवा' हा शब्द सुचला असता का, एवढंच आधी सांगा.

आपण चांदोबा वाचलेली माणसं. स्मशान, झाडाला लोंबणारं प्रेत, ते खांद्यावर टाकून निघालेला राजा, आणि वर ते प्रेत गोष्ट सांगतंय. हे आपण दुसरी-तिसरीत शेव-मुरमुरे खात वाचत होतो. 'अलबत्या गलबत्या'ला पोरं घेऊन गेला असाल तर माहीत असेल. चिंची चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांची असो की नंतर वैभव मांगल्यांची, ती आली की बालगोपाळ किंचाळतात आणि मध्यंतरात तीच पोरं बटाटेवड्याच्या रांगेत पुढे असतात. घाबरायचं आणि सुखरूप परत यायचं, यातली मजा त्यांना पक्की कळते.

आता त्या आईसाठी. माझी कसोटी अशी की निदान सुरुवातीला भुताचा उलगडा व्हावा आणि तो पुस्तकातल्या मुलीने करावा. नॅन्सी ड्रू या रहस्यं सोडवणाऱ्या पोरीचं दुसरंच पुस्तक, 'द हिडन स्टेअरकेस' (१९३०): दोन वृद्ध बहिणी, 'झपाटलेलं' घर, आणि भूत म्हणजे गुप्त वाटेने येणारा माणूस. ब्लायटनच्या फेमस फाइव्हमधलं 'फाइव्ह गो ऑफ टु कँप' (१९४८): माळावरच्या बंद पडलेल्या बोगद्यातून रात्री धडधडत येणारी भुताची आगगाडी. गाडीत काय असतं ते सांगत नाही. त्यात मुलगे जॉर्जला (जॉर्ज ही मुलगी) झोपलेली सोडून रात्री निघून जातात आणि ती जी भडकते, ते प्रत्येक मुलीने वाचावं. मग सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा, अशोक जैनांच्या मराठी अनुवादात. हे पचलं की पुढे रायांच्याच आणि रस्किन बाँडच्या न उलगडणाऱ्या कथा. भयकथावाले धारप मात्र मी स्वतःच वरच्या फळीवर ठेवलेत. मतकरींच्या गूढकथाही तिथेच. त्या मोठ्यांसाठीच लिहिलेल्या आहेत.

विवेकी_विंचू
'मुली'ऐवजी 'मुलं' वाचा. झालं समाधान?

मुद्दा तोच राहतो. ज्या राज्यात डॉ. दाभोलकरांचा भर सकाळी खून झाल्यावर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला, तिथे आपण नवव्या वर्षी हौसेने भूत वाढायचं? माझा भाचा. रात्रीची ती कोकणातल्या वाड्याची मालिका घरात सगळे बघायचे, हा कोपऱ्यात बसून. पुढे कित्येक दिवस बाथरूमला जाताना कुणीतरी दाराशी उभं राहायचं. मी. चांदोबाची आठवण काढणं सोपं असतं, दाराशी उभं राहणारे वेगळे असतात.

तिठ्यावरचा
आली! 'कोकणातल्या वाड्याची मालिका' आली. वाटच बघत होतो.

पुस्तक असो, मालिका असो, नाटक असो, भूत म्हटलं की माड, कौलारू घर, विहीर आणि कंदील घेतलेला म्हातारा. (धागाकर्तीच्या नावाबद्दल काही म्हणत नाही.) आमच्याकडे मुंबईचे पाहुणे आले की पहिल्या रात्री विचारतात, इथे काही 'आहे' का? आहे ना. डास आहेत, वीज जाते, आणि तुमचा चार्जर चालत नाही.

दुपारची_डुलकी
कंदील, बाकी सहमत, पण 'उलगडा व्हावा' याला कडाडून विरोध. माझ्या लेकीला नेमका याचाच राग. अख्खं पुस्तक जीव मुठीत धरून वाचलं आणि शेवटी म्हणाली, "म्हणजे नुसता चोरच होता?" आगगाडीचं तर आधीच ओळखलं होतं तिने. मग 'कोरलाइन' दिलं. डोळ्यांच्या जागी बटणं असलेली 'दुसरी आई'. मी वाचून दोन रात्री दिवा लावून झोपले. लेकीने तिचं चित्र काढून फ्रिजवर लावलं. मोठ्यांना त्यात आई दिसते, पोरांना हुशार मुलगी दिसते.

शेवटी सगळं चोर-तस्करांवर ढकलणं ही मोठ्यांची सोय आहे. मुलांना उत्तर नसलेली गोष्ट झेपते.

विवेकी_विंचू
उलट मला तर तीच पुस्तकं चालतील, ज्यात शेवटी चोर निघतो. शेरलॉक होम्सच्या कादंबरीतला बास्करव्हिलचा शिकारी कुत्रा घ्या. अंगाला फॉस्फरसचं मिश्रण फासलेलं असतं म्हणून चमकतो. विज्ञान!

खडूस_पेठकर
धन्यवाद. आमच्या चिरंजीवांनी कालच ते वाचायला घेतलंय आणि ते माझ्या खांद्यावरून हे वाचतायत.

विवेकी_विंचू
१९०२ सालचं पुस्तक आहे. आणखी किती वर्षं गुपित ठेवायचं?

तिठ्यावरचा
विषय बदलू नका. मालिकावाल्यांना आमचा देवचार म्हणजे खवीस वाटतो. देवचार गावाची राखण करतो. आरवलीला, वेंगुर्ले तालुक्यात, वेतोबाचं देऊळ आहे. लोक त्याला केळीचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात, कारण तो रात्री गावाच्या हद्दीवर फिरतो आणि वहाणा झिजतात अशी श्रद्धा. आमची आजी म्हणायची, रात्री उशिरा एकटा येत असलास तर घाबरू नको, तो बरोबर असतो. याला तुम्ही 'घाबरवणारं' म्हणता? आम्हाला तर तो घरी सोडायचा!

खडूस_पेठकर
कोकणाने भुतांवर मक्तेदारी सांगितली म्हणून आठवण करून देतो. आमच्याकडे शनिवारवाडा आहे. ३० ऑगस्ट १७७३, नारायणराव पेशवे, 'काका मला वाचवा'. तारखेसकट भूत. तुमच्या देवचाराचा जन्मदाखला आहे का?

तिठ्यावरचा
खुनाची तारीख आहे. भुताची नाही. पुणेरी माणसाला फरक कळत नसेल तर राहू दे.

बोरीबाभळी
तुमचं कोकण-पुणं चालू द्या बाप्पा. नागपूरच्या पुढं कोणत्याच लेखकाले भूत दिसत नाही काय? सिंचनाचा अनुशेष, रस्त्याचा अनुशेष, आता भुताचाही. आमच्या आजोळी वऱ्हाडात एका बाभळीखालून सांजच्याला कोणी जात नव्हतं. एवढी चांगली बाभूळ, कोण लिहिणार तिच्यावर?

खडूस_पेठकर
तुम्हीच. अनुशेष भरायला सरकारची वाट कशाला बघता?

बोरीबाभळी
लिहिलं तर छापते कोण? तुमच्या पेठेतले?

कंदील
लोकहो, मुलीसाठी पुस्तकं. मुलीसाठी.

जुनी_रद्दी
तेच म्हणतो. आणि धागाकर्तीच्या यादीत मराठीत लिहिलेलं काय आहे? नॅन्सी, ब्लायटन, फेलूदा (तोही बंगाली). मराठी नावं आली ती फक्त वरच्या फळीवर ठेवायला. भा. रा. भागवतांनी फुरसुंगीच्या बनेश ऊर्फ फास्टर फेणेला (फाफे) सायकलवर बसवून रहस्यांच्या मागे धाडला, तो दूरदर्शनवर आला, २०१७ मध्ये सिनेमात आला, पण पुस्तक विकत घेऊन पोराच्या हातात देणारे किती? आमच्या सोसायटीतली मुलं त्याचं ते 'ट्टॉक' ऐकून विचारतात, हे कुठलं ॲप?

कंदील
फाफे आवडतोच, पण त्यात घाबरण्यासारखं फारसं नाही. आणि तोही मुलगाच. फेलूदातही तेच. बायका जवळजवळ नाहीतच. म्हणून नॅन्सी. १९३० साली सोळा वर्षांची, स्वतः मोटार चालवणारी पोरगी. १९५९ पासून जुन्या पुस्तकांत फेरफार झाले तेव्हा तिचं वय अठरा केलं. जुनी आवृत्ती मिळाली तर तीच घ्या, जास्त आगाऊ आहे.

जुनी_रद्दी
बरं, ते एक मान्य. पण पालकांनी इंग्रजी माध्यमात घालायचं आणि मग मराठी पुस्तकं नाहीत म्हणून गळे काढायचे, हे मान्य नाही. 'किशोर' १९७१ पासून निघतंय, बालभारतीचं. जुने अंक नेटवर फुकट आहेत. कुणी बघितलेत?

उंबरा
इतका वेळ नुसतं वाचत होते. आता राहवत नाही.

सगळे आपापल्या धीट मुलांचं कौतुक सांगताय. माझी मुलगी आठ वर्षांची असताना मैत्रिणीकडे राहायला गेली. तिथल्या ताईने दिवे घालवून गोष्ट सांगितली. आरशातल्या बाईची. त्यानंतर घरातले आरसे रात्री झाकून ठेवायचे. शाळेच्या स्वच्छतागृहात आरसा आहे म्हणून दिवसभर पाणी प्यायची नाही. डॉक्टरांकडे जावं लागलं. 'मुलांना झेपतं' म्हणणाऱ्यांनी आपल्या मुलांवर प्रयोग करावेत. दुसऱ्यांच्या घरी बसून सल्ले देऊ नयेत.

दुपारची_डुलकी
वाईट वाटलं वाचून, खरंच. पण ते पुस्तक नव्हतं. अंधारात दुसऱ्याने सांगितलेली गोष्ट थांबवता येत नाही, पुस्तक मिटता येतं. माझी लेक नको असलेल्या पानांवर रबरबँड लावून ठेवते.

उंबरा
मिटलेलं पुस्तकही खोलीतच असतं ना?

दुपारची_डुलकी
मग स्वयंपाकघरात ठेवा! प्रत्येक गोष्टीला 'पण' लावायचाच असेल तर चर्चा कशाला?

उंबरा
चर्चा तुम्ही करताय. मी माझ्या घरात काय झालं ते सांगितलं.

कंदील
उंबरा, तुमचा मुद्दा धरूनच सांगते. पहिलं पुस्तक दुपारी द्यायचं, रात्री नाही. आधी आपण वाचायचं. आणि जिथे धोका आरसा, पलंगाखालची जागा, कपाट अशा घरातल्या गोष्टींत आहे, ते मागे ठेवायचं. दूरचा माळ, दूरचा किल्ला, बोगदा चालतो. माळ आपल्या बेडरूममध्ये येत नाही. डुलकीबाईंचं 'कोरलाइन' मी याच कारणासाठी लगेच देणार नाही. ते तर घरातल्या दारातूनच सुरू होतं.

दुपारची_डुलकी
हं. दाराचं खरं आहे. आमच्याकडे काही झालं नाही, पण खरं आहे.

विवेकी_विंचू
म्हणजे शेवटी गाळणी लावायचीच. मी तेच म्हणत होतो.

कंदील
तुम्ही गाळणी नव्हती लावली, नळच बंद केला होता.

जुनी_रद्दी
उलगडा हवा की नको, या भांडणात 'सोनार केल्ला' बसतं बघा मधोमध. जैसलमेर, मुकुल नावाचा मुलगा, त्याला गेला जन्म आठवतो. फेलूदा बदमाश पकडतो, पण त्या आठवणींना खोटं ठरवत बसत नाही. चोरही मिळतो, थोडं गूढही उरतं. (बंगाली आहे, माहितीय. मीच म्हणालो होतो.)

विवेकी_विंचू
पुनर्जन्म! मस्त. उद्या पोरगं सांगेल मी मागच्या जन्मी कोण होतो.

खडूस_पेठकर
सांगू द्या. गृहपाठाला निबंध होईल.

विवेकी_विंचू
असो. ती आगगाडी मराठीत मिळते का? भाच्यासाठी. त्यात शेवटी माणसंच निघतात ना, नक्की?

कंदील
नक्की. काळाबाजारवाले. (माफ करा पेठकर, तुमचे चिरंजीव असतील तर.) मराठीत मी पाहिलेलं नाही. इंग्रजी सोपं आहे, बरोबर बसून वाचा. नाहीतरी दाराशी उभे राहताच.

बोरीबाभळी
अन् माझी बाभूळ?

तिठ्यावरचा
राखणदारांचा वेगळा धागा काढलाय, बाभूळ घेऊन तिकडे या. पेठकरांनी येताना वाड्याचा पुरावा आणावा. तारीख नको, भूत आणा.