मदत हवी आहे: वांग्याचा जांभळा आणि पितळेची झळाळी वाळल्यावर मरते, कागद कोणता घेऊ?

शाईचा_डाग
जलरंगात स्थिरचित्र चालू आहे. मांडणी: पितळी तांब्या, दोन वांगी, सोललेला कांदा, मागे निळी चादर, डावीकडून खिडकीचा उजेड. आकार क्वार्टर इम्पिरियल (११ बाय १५ इंच). रंग तेच, ब्रश तेच, कागद तीन.

साधा कार्ट्रिज (रेखाटनाचा कागद), १५० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम) आसपास: ओलं असताना रंग सुरेख, वाळला की सगळ्यावर राख पसरल्यासारखं दिसतं.
३०० जीएसएम रफ (खरबरीत): वांग्यासाठी केलेला जांभळा (अल्ट्रामरीन निळा आणि क्रिमसन लाल) फुटतो, निळे दाणे वेगळे पडतात.
३०० जीएसएम हॉट प्रेस (गुळगुळीत): रंग झगझगीत, पण दुसरा थर दिला की खालचा उठतो. चादरीत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग पडतात ते वेगळेच.

शिवाय तिन्ही कागदांवर तांब्याच्या तोंडाभोवती काळपट ओरखडे उमटतात. तिन्हीकडे एकच चूक होतेय की कागदच बदलायला हवा?

पाणरंगी
प्रत्येक तक्रारीचं कारण वेगळं आहे. कार्ट्रिजपासून सुरू करू.

कागदाला साइझिंग असतं, म्हणजे खळ. जिलेटिनची किंवा कृत्रिम. ती रंगाला वरच्या वर धरून ठेवते. साध्या कार्ट्रिजला ती जेमतेम असते, त्यामुळे रंगकण आणि त्यांना बांधणारा डिंक दोन्ही धाग्यांत उतरतात. ओलं असताना धाग्यांमधल्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतात, प्रकाश कमी विखुरतो आणि रंग गडद दिसतो. पाणी उडालं की तिथे हवा शिरते आणि तोच रंग पांढुरक्या धाग्यांआडून दिसायला लागतो. राख म्हणताय ती हीच.

यावर जास्त रंग थापणं हा उपाय नाही. तिसऱ्या-चौथ्या थराला कागदाची लव सुटते आणि चित्र मळकट होतं. कार्ट्रिजवरच करायचं असेल तर मिश्रण हवंय त्यापेक्षा एक पायरी गडद ठेवा आणि एका फटक्यात लावून मोकळे व्हा. आधी त्याच कागदाच्या पट्टीवर लावून, पूर्ण वाळवून बघा. ओल्या रंगावरून अंदाज बांधू नका.

दाणेदार
वांग्याचं मी सांगतो. दोष तुमचा नाही, जोडीचा आहे. अल्ट्रामरीनचे कण पाण्यात गोळा होऊन खाली बसतात. रफ कागदाला खळगे असतात, त्यात ते साचतात. क्रिमसन बारीक, ते सगळीकडे सारखं पसरून धाग्यांना चिकटतं. म्हणजे पॅलेटवर जांभळा आणि कागदावर निळं-लाल शेजारी शेजारी. लांबून करडं दिसतं. चादरीला हेच दाणे शोभतील, जाड सुती कापडाचा पोत आपोआप येतो. वांग्याची साल मात्र तुकतुकीत असते, तिथे दाणा दिसला की वांगं शिळं वाटतं.

रफवरच करायचं तर अल्ट्रामरीनच्या जागी थॅलो ब्लू घ्या. ते दाणे पाडत नाही. पण त्याचा जोर भयंकर, क्रिमसनच्या ढिगाला ब्रशच्या टोकावर मावेल एवढंच. अल्ट्रामरीन सोडायचं नसेल तर पाणी कमी ठेवा आणि बोर्डाला १५-२० अंशांचा उतार द्या. आडव्या बोर्डावर पाणी साचून राहतं आणि कणांना बसायला निवांत वेळ मिळतो.

पाणरंगी
+१. सेरुलियन (आकाशी) आणि व्हिरिडियन (हिरवा) हेही दाणे पाडणारे, तेव्हा चादरीसाठी ते राखून ठेवा.

तिरपा_फटका
हॉट प्रेस गुळगुळीत असतो. रंग वरच बसतो म्हणून झगझगीत दिसतो, आणि वरच बसतो म्हणूनच उठतो. जलरंगातला डिंक पाणी लागलं की पुन्हा विरघळतो. खालचा थर हाताच्या मागच्या बाजूने तपासा. गार लागला तर अजून ओल आहे, दिसायला कोरडा असला तरी. वरचा थर मऊ ब्रशने, एकाच दिशेने, एकदाच. मागे फिरलात की उठला.

फ्लॉवरचे डाग पडतात ते अर्धवट वाळलेल्या जागी जास्त ओला ब्रश टेकल्यामुळे. नवं पाणी जुन्या रंगाला कडेला ढकलतं. दाणेदार कागदावर खळगे त्याला थोडं अडवतात, हॉट प्रेसवर अडवायला काहीच नाही. चादरीच्या घड्या पूर्ण ओल्यात घाला किंवा पूर्ण कोरड्यात. मधली वेळ, म्हणजे चकाकी जाताना, ब्रश खाली ठेवायची.

तुमच्या मांडणीला मी कोल्ड प्रेस (रफ आणि हॉट प्रेसच्या मधला पोत) म्हणेन, ३०० जीएसएम, शंभर टक्के कॉटन. तांब्या घासून चकचकीत असेल तर हॉट प्रेसही चालेल, कारण उजेडाच्या ठिपक्याची कड सुरीसारखी हवी. ठोक्याचा किंवा काळवंडलेला तांब्या असेल तर रफ उत्तम. जवळजवळ कोरडा ब्रश आडवा ओढला की रंग फक्त उंचवट्यांना लागतो, मधले पांढरे ठिपके चमचमतात.

कागदाचा पांढराही बघा. पितळेचा सर्वात उजळ ठिपका म्हणजे कोरा कागद. नैसर्गिक पांढऱ्यावर तो सायीसारखा उबदार दिसतो. अतिशुभ्र कागदांत बऱ्याचदा चमक वाढवणारं रसायन असतं, त्याने ठिपका निळसर होतो आणि काही वर्षांनी ती चमक उतरतेही. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली असा कागद निळा पेटतो.

कागदवेडा
तोंडाभोवतीच्या ओरखड्यांबद्दल कोणी बोललं नाही. ते खोडरबराचं काम. लंबवर्तुळ जमेपर्यंत चार वेळा खोडलं असणार. घासल्याने वरची खळ निघते, तिथे रंग खोल शिरतो आणि गडद रेघा दिसतात. पहिला वॉश (पातळ रंगाचा सपाट थर) पडेपर्यंत काही कळत नाही, कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

रेखाटन वेगळ्या कागदावर पक्कं करा. मागून २बी पेन्सिल फिरवून चांगल्या कागदावर छापून घ्या. चुकलं तर मळून वापरायचा मऊ खोडरबर दाबून उचला, घासू नका. कागदाच्या मधोमध तळहात टेकू नका. घामाचा, तेलाचा डाग पाणी धरत नाही, तिथे वॉश तुटतो.

इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या तयारीसाठी कोणी वाचत असेल तर: परीक्षेत केंद्रावर मिळेल तोच कागद, तेव्हा सराव साध्या कागदावरच करा. पोस्टर कलर अपारदर्शक, त्याला कागदाचा पांढरा फारसा लागत नाही. शोषणाऱ्या कागदावर तो खडूसारखा कोरडा मात्र होतो, म्हणून सायीइतका दाट लावा.

शाईचा_डाग
खूप आभार. एक राहिलं. कॉटनचा कोल्ड प्रेसही घरात आहे, गेल्या पावसाळ्याआधी घेतलेला. त्यावर वॉश दिला तर जागोजागी टिपकागदासारखे गडद ठिपके आले. म्हणून तो बाद केला होता. मुंबईत राहतो.

कागदवेडा
दमट हवेने खळ मेली आहे. कोपऱ्यात, मध्ये आणि कडेला पाण्याचा एकेक थेंब ठेवा. मिनिटभर फुगीर राहिला तर खळ शाबूत. काही सेकंदांत पसरून मागे ओल दिसली तर गेली.

शाईचा_डाग
कोपऱ्यातले थेंब दहा सेकंदांत गेले. मधला दोन मिनिटांनंतरही तसाच आहे.

कागदवेडा
मग बाद नाही. गठ्ठ्यातल्या कागदात ओल कडांकडून शिरते. चारी बाजूंनी आत सरकत थेंब टाकत जा, टिकेल तिथून पेन्सिलीने चौकट आखा आणि कापा. फुल इम्पिरियल म्हणजे २२ बाय ३० इंच, मधून एखादा क्वार्टर सहज निघेल.

कडेच्या पट्ट्यांना पुन्हा खळ देता येते. बिनचवीचं जिलेटिन २० ग्रॅम, पाणी एक लिटर. अर्धा तास थंड पाण्यात भिजवा, मग गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून विरघळवा. उकळू नका, उकळलं की चिकटपणा जातो. कोमट असतानाच रुंद ब्रशने दोन्ही बाजूंना लावा आणि दोरीवर वाळवा. तुरटी घाला असं कोणी सांगेल. ती खळ कडक करते खरी, पण कागदात आम्ल आणते. सरावाच्या पट्ट्यांना तिची गरज नाही.

उरलेला कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद प्लास्टिकमध्ये, भिंतीपासून लांब, आडवा ठेवा.

दाणेदार
आणि त्या पट्ट्यांवर आधी वांगंच करून बघा, थॅलो आणि अल्ट्रामरीन दोन्ही शेजारी शेजारी. वाळल्यावर फोटो टाका.