नवीन फीचर आधी मोजक्याच युजर्सना द्यायचंय, फीचर फ्लॅग नक्की कसे लावता?

तिसरा_कंस

नमस्कार मंडळी. आमचं एक वेब अ‍ॅप आहे, कंपन्यांमधले लोक त्यावर खर्चाचे क्लेम भरतात आणि त्यांचे मॅनेजर ते मंजूर करतात. क्लेम भरायचा फॉर्म आम्ही पूर्ण नव्याने लिहिलाय. जुन्यात एका क्लेमला एकच पावती जोडता यायची, नव्यात कितीही जोडता येतात, त्यामुळे डेटाबेसमध्ये पावत्यांसाठी वेगळं टेबल आलंय. आतापर्यंत डिप्लॉय केलं (नवा कोड सर्व्हरवर चढवला) की सगळ्यांना एकदम नवीन दिसायचं आणि काही बिघडलं की आधीचं व्हर्जन परत टाकायचो. यावेळी तसं नकोय, आधी आमच्याच ऑफिसातले लोक, मग थोडे कस्टमर, मग हळूहळू सगळे असं करायचंय. त्यासाठी फीचर फ्लॅग, म्हणजे एखादं फीचर ठरावीक लोकांसाठी चालू-बंद करायचा कोडमधला स्विच, वापरायचा विचार आहे.

टीममध्ये एकाने सुचवलंय की कोडमध्ये एक इफ टाकू, रँडम नंबर काढू, दहाच्या खाली आला तर नवीन फॉर्म नाहीतर जुना. मला हे पटत नाहीये कारण पान रिफ्रेश केलं की फॉर्मच बदलेल. पण मग टक्के कसे लावायचे, फ्लॅग फाइलमध्ये ठेवायचा की डेटाबेसमध्ये की तयार सर्व्हिस घ्यायची? आणि मध्येच बंद करायची वेळ आली तर ज्यांनी नव्या फॉर्ममधून तीन-तीन पावत्या जोडून क्लेम भरलेत त्यांचं काय? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त सतावतोय.

सर्व्हरखालचा

रँडम नको, तुमची शंका बरोबर आहे. नेहमीची पद्धत अशी की फ्लॅगचं नाव आणि आयडी जोडून त्याचा हॅश (त्या मजकुरावरून ठरावीक गणिताने निघणारा आकडा) काढायचा, त्याला १०० ने भागून बाकी घ्यायची, म्हणजे ० ते ९९ मधला एक आकडा मिळतो, तो तुमच्या टक्क्यापेक्षा लहान असेल तर नवीन नाहीतर जुनं. आयडी तोच तर आकडा तोच, मग कितीही रिफ्रेश करा, दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करा, फॉर्म बदलत नाही आणि कुणाला काय दिसतंय हे कुठे साठवावंही लागत नाही. टक्का ५ वरून २५ वर नेला की आधीचे ५ आतच राहतात आणि नव्यांची भर पडते, कुणी आत-बाहेर होत नाही.

फ्लॅगचं नाव हॅशमध्ये घ्यायलाच हवं, नाहीतर दर नव्या फीचरला तेच ठरावीक लोक पहिले सापडतात आणि सगळे बग त्यांच्याच वाट्याला. भाषेतलं आयतं हॅश फंक्शनही वापरू नका. पायथॉनमध्ये ३.३ पासून स्ट्रिंगचा हॅश डीफॉल्टने दर प्रोसेसला वेगळा येतो, म्हणजे दोन वर्कर (एकाच अ‍ॅपच्या वेगवेगळ्या प्रोसेस) एकाच माणसाला दोन वेगळी उत्तरं देणार. मर्मरहॅश घ्या किंवा शा-२५६ (हॅश काढायच्या ठरलेल्या पद्धती), काहीही चालेल, फक्त सगळीकडे तेच असू दे.

आता तुमच्या अ‍ॅपपुरतं सगळ्यात महत्त्वाचं: आयडी युजरचा घेऊ नका, कंपनीचा घ्या. क्लेम भरणाऱ्याला नवीन फॉर्म आणि मंजूर करणाऱ्या मॅनेजरला जुनं पान असं झालं तर त्याला तीनातली एकच पावती दिसेल आणि तो क्लेम नाकारून मोकळा होईल. टक्क्यांच्या आधी दोन याद्या तपासायच्या, पहिली कुणाला अजिबात द्यायचं नाही त्यांची, दुसरी कुणाला द्यायचंच त्यांची. तुमचं ऑफिस दुसऱ्या यादीत.

ठेवायचं कुठे, तर एका अ‍ॅपसाठी डेटाबेसमधलं एक छोटं टेबल आणि अर्ध्या मिनिटाची मेमरी कॅश (मेमरीत ठेवलेली तात्पुरती प्रत) एवढं पुरतं. कोडसोबतच्या फाइलमध्ये ठेवलात तर फ्लॅग बंद करायलाच डिप्लॉय लागेल, मग निम्मा फायदा गेला. तयार हवं असेल तर अनलीश, फ्लॅगस्मिथ हे ओपन सोर्स आहेत आणि आपल्या सर्व्हरवर चालवता येतात, जँगो (पायथॉनचं वेब फ्रेमवर्क) असेल तर वॅफल, रूबी भाषा असेल तर फ्लिपर. लाँचडार्कली पैसे देऊन घ्यायची सर्व्हिस आहे. काहीही घ्या, पण फ्लॅगचं उत्तर आलंच नाही तर काय दाखवायचं ते कोडमध्ये लिहिलेलं असलं पाहिजे. तुमच्याकडे आज तरी जुना फॉर्म.

एकपाऊल

एवढं सगळं कशाला? दहा सर्व्हर असतील तर एकावर नवीन व्हर्जन टाका, दोन दिवस बघा, ठीक वाटलं की बाकीच्या नऊवर. याला कॅनरी म्हणतात आणि कोडमध्ये एकही इफ लागत नाही.

सर्व्हरखालचा

@एकपाऊल कॅनरी चांगलीच आहे, आम्हीही करतो, पण ती वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. नवीन कोडमुळे सर्व्हर कोसळतो का, मेमरी खातो का हे कॅनरीत कळतं. लोड बॅलन्सर (रिक्वेस्ट वेगवेगळ्या सर्व्हरवर वाटणारा) एकाच माणसाची एक रिक्वेस्ट इकडे आणि दुसरी तिकडे पाठवू शकतो, म्हणजे पुन्हा तोच फॉर्म बदलायचा प्रॉब्लेम. शिवाय नवीन कोडची वाट त्या दिवसांत कुणी चाललंच नाही तर कॅनरी हिरवी दिसते आणि काहीच सिद्ध होत नाही. १२ जून २०२५ ला गूगल क्लाउड जगभर पडलं त्याचा त्यांनीच दिलेला रिपोर्ट वाचा. नवीन कोड आधीच एकेका रीजनमध्ये (भौगोलिक विभागात) रीतसर गेला होता, पण जो भाग फुटला तो चालायला एक विशिष्ट पॉलिसी यावी लागत होती, ती त्या काळात आलीच नाही. नंतर रिकाम्या फील्डची पॉलिसी आली, काही सेकंदांत सगळ्या जगात पोचली आणि सगळीकडे एकदम क्रॅश. हा भाग फीचर फ्लॅगच्या मागे नव्हता असं त्यांनी स्वतःच लिहिलंय.

जुनाजाणता

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर येतो कारण तोच खरा प्रश्न आहे आणि बहुतेक लोक तो विचारतच नाहीत. फ्लॅग बंद केला की कोड मागे जातो, डेटा जात नाही. नव्या फॉर्मने लिहिलेल्या ओळी डेटाबेसमध्ये तशाच राहणार आणि आता त्या जुन्या कोडला वाचाव्या लागणार. म्हणून फ्लॅग लावण्याआधी बघायचं ते हे, की जुना कोड नवा डेटा बघून काय करतो.

तुमच्याकडे मी असं करेन. पहिल्या डिप्लॉयमध्ये फक्त नवीन टेबल, जुना पावतीचा कॉलम जागेवरच, कुणालाच काही दिसत नाही. दुसऱ्या डिप्लॉयमध्ये लिहिताना दोन्हीकडे लिहायचं, फॉर्म जुना असो की नवा, सगळ्या पावत्या नव्या टेबलात आणि पहिली पावती जुन्या कॉलममध्येही. मग जुन्या क्लेमच्या पावत्या थोड्या थोड्या करत नव्या टेबलात भरून घ्यायच्या. त्यानंतर, आणि हे सगळ्यांसाठी, फ्लॅगशिवाय, मंजुरीचं पान, रिपोर्ट, एक्सपोर्ट, जिथे जिथे पावती दाखवली जाते तिथे नवीन टेबलातून वाचायला लावायचं. हे झालं की मग फ्लॅग फक्त भरायच्या फॉर्मवर लावा. आता बंद केलात तरी तीन पावत्यांचा क्लेम मॅनेजरला तीन पावत्यांसकटच दिसेल, फक्त नवीन क्लेम भरताना जुना फॉर्म येईल. आणि तीन पावत्यांचा क्लेम जुन्या फॉर्ममध्ये एडिटला उघडला तर काय? तिथे सेव्ह करताना उरलेल्या दोन उडतात, गुपचूप, कुठे एररसुद्धा येत नाही. ज्या क्लेमला एकाहून जास्त पावत्या आहेत तो फ्लॅग काहीही असो नव्याच फॉर्ममध्ये उघडायचा. म्हणजे फ्लॅग बंद केला तरी नवा एडिट फॉर्म काही काळ जिवंत राहणार हे धरून चाला, त्यातच मोठा बग निघाला तर असे क्लेम तेवढ्यापुरते फक्त बघण्यासाठी ठेवा.

आणखी एक, संपलेल्या फ्लॅगचं नाव पुन्हा वापरू नका, कधीच. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर ट्रेडिंग कंपनीमध्ये वर्षानुवर्षं न वापरलेल्या कोडचा फ्लॅग नव्या कामाला लावला, आणि आठपैकी एका सर्व्हरवर नवीन कोड पोचलाच नव्हता. तिथे त्या फ्लॅगने जुनाच कोड जागा केला आणि साधारण ४५ मिनिटांत ४० कोटी डॉलरच्या वर नुकसान झालं. मेलेला कोड आणि तोच फ्लॅग हे दोन्ही एकत्र राहू दिले म्हणून झालं ते.

क्यूए_ताई

वरचं सगळं मान्य, मी फक्त किती थांबायचं त्यावर लिहिते. १% ला काही तक्रार आली नाही, चला ५० करू, असं करू नका, आधी १% म्हणजे माणसं किती ते बघा. दोन हजार युजर असतील तर ते वीस लोक झाले आणि त्यातल्या पाचांनीच क्लेम भरला असेल. एक सोपा हिशोब आहे, एखादं काम न वेळा (इथे न म्हणजे कोणताही आकडा) केलं आणि एकदाही फुटलं नाही तर ९५% खात्रीने एवढंच म्हणता येतं की बिघाडाचं प्रमाण ३ भागिले न पेक्षा कमी आहे. म्हणजे ३०० क्लेम नीट गेले तरी शंभरात एक बिघडत असण्याची शक्यता अजून शिल्लक असते. त्यामुळे टप्पा दिवसांवर ठरवू नका, नव्या फॉर्मने किती क्लेम पूर्ण झाले त्यावर ठरवा. तुम्ही कंपनीनुसार वाटणार असाल तर ५% कंपन्या म्हणजे ५% माणसं नव्हेत हेही लक्षात घ्या, एखादी मोठी कंपनी पहिल्याच टप्प्यात आली तर एकदम एक तृतीयांश माणसं आत येऊ शकतात.

आणि प्रत्येक लॉग ओळीत, प्रत्येक एररमध्ये फ्लॅग चालू होता की बंद ते गेलंच पाहिजे. ५% लोकांसाठी फॉर्म पूर्ण तुटला असेल तरी एकूण ग्राफमध्ये ती रेघ जेमतेम हलते, वेगळं काढून बघितलं तरच दिसतं. फक्त एरर बघू नका, फॉर्म उघडणाऱ्यांपैकी सबमिटपर्यंत किती पोचले ते दोन्हीकडे बघा. बटण सापडलं नाही तर एरर येत नाही, माणूस निघून जातो.

तिसरा_कंस

खूप खूप आभार सगळ्यांचे, एडिट करताना पावत्या उडतील हे तर आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, आजच तिकीट टाकलं. दोन गोष्टी राहिल्या. आमचं फ्रंटएंड सिंगल पेज आहे (पान एकदाच लोड होतं, पुढचं सगळं ब्राउझरमध्येच बदलतं), मग फ्लॅग ब्राउझरमध्ये तपासायचा का? आणि १००% झाल्यावर जुना कोड किती दिवसांनी काढता?

सर्व्हरखालचा

निर्णय सर्व्हरवर घ्या आणि लॉगिननंतर जो पहिला डेटा जातो त्यातच उत्तर पाठवा, म्हणजे आधी जुना फॉर्म चमकून मग नवा येणं टळतं. ते उत्तर असलेला रिस्पॉन्स सगळ्यांसाठी सामायिक कॅशमध्ये जाणार नाही हेही बघा, नाहीतर एका कंपनीचं उत्तर दुसरीला मिळेल. ब्राउझरमधल्या फ्लॅगने फक्त दिसणं ठरतं, परवानगी नाही, डेव्हलपर टूल्स उघडून कुणीही तो बदलू शकतो. एपीआयने (सर्व्हरचा जो भाग फॉर्मचा डेटा घेतो त्याने) स्वतः तपासायचं. फक्त एक सूट ठेवा, लोक टॅब दिवसभर उघडा ठेवतात, तुम्ही दुपारी फ्लॅग बंद केला आणि सकाळी उघडलेल्या नव्या फॉर्ममधून संध्याकाळी सबमिट आलं तर ते स्वीकारा. माणसाने भरलेला क्लेम फ्लॅगमुळे फेकून देऊ नका.

क्यूए_ताई

काढण्याचं तिकीट फ्लॅग बनवतानाच टाका, त्यावर एकाचं नाव आणि तारीख. दहा फ्लॅग साचले तर चालू-बंदच्या १०२४ जोड्या होतात, त्या कुणीच तपासत नाही. आम्ही तारीख उलटली की बिल्ड फेल होईल अशी टेस्टच लिहिलीये, तेवढ्याने बरंच जागेवर राहतं. तुमच्या बाबतीत १००% नंतर एक अख्खा महिना जाऊ द्या, कारण महिनाअखेरीला क्लेमची गर्दी आणि अकाउंट्सचे रिपोर्ट हे दोन्ही एकदा तरी नव्या फॉर्मच्या डेटावर चाललेले दिसायला हवेत.

जुनाजाणता

आणि काढतानाही क्रम पाळा. आधी जुना फॉर्म आणि इफ, मग जुन्या कॉलममध्ये लिहिणं, ते डिप्लॉय सगळ्या सर्व्हरवर आणि मागे चालणाऱ्या जॉब्सवरही पोचलं याची खात्री करून घ्या, कॉलम सगळ्यात शेवटी. कॉलम ड्रॉप करण्याआधी तो अजून कोण वाचतंय ते क्वेरी लॉगमध्ये शोधा, एखादी विसरलेली रिपोर्टची स्क्रिप्ट हमखास सापडते.