४० सेटची ऑर्डर घेऊ की सोडू? घरात दोन लहान पोरं आहेत

अनगोळची_आई

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहालेय, लांब झालं तर सांभाळून घ्या.

मी बेळगावात अनगोळला राहते. मोठी पाच वर्षांची, यूकेजीला जाते, धाकटा अकरा महिन्यांचा, आता उभा राहायला शिकलाय आणि उभा राहायला त्याला माझ्या मशीनचं पायडलच पाहिजे असतंय. मोठीच्या वेळी आईनं बाळंतविडा शिवला होता, तो बघून जावेच्या बहिणीनं मागितला, मग तिच्या ऑफिसातल्या एकीनं, असं करत करत दीड वर्ष झालं मी बाळाचे कपडे शिवून विकतेय. झबलं, टोपडं, दुपटं आणि दोन लंगोट असा सेट, आणि बारशाला कुणी मागितली तर खणाची कुंची. कुंचीत काही सुटत नाही हे माहितेय मला पण ती करताना जीव रमतो त्यामुळं ते सोडा. सेट ३५० ला देते. महिन्याला दहा-बारा जातात, सगळे व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस बघून नाहीतर ओळखीतनं.

आता झालंय असं की कोल्हापूरच्या एका कपड्याच्या दुकानदारानं आमच्या नात्यातल्या बारशात माझा सेट बघितला आणि फोन केला, दिवाळीच्या आधी ४० सेट पाहिजेत म्हणून. पण २६० नं मागालेत, आणि पैसे माल विकल्यावर. तीन आठवड्यात द्यायचे. मिस्टर म्हणालेत घे, एकदम मोठी ऑर्डर आहे, नाव होईल. सासूबाई काही बोलत नाहीत पण घरभर चिंध्या असतात म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतात. आणि नेमकी आपल्या पोरांना सुट्टी दसऱ्याची, महाराष्ट्रातल्यागत दिवाळीची नाही, म्हणजे ज्या दिवसांत शिवायचं त्याच दिवसांत मोठी पण पूर्ण वेळ घरात.

मला वेळ म्हणजे दुपारी धाकटा झोपला की दोन तास आणि रात्री दोघं झोपल्यावर दीडेक तास. रात्री मशीन चालवली की तो दचकून उठतो ते वेगळंच. एक सेट कापण्यापासून इस्त्रीपर्यंत अडीच तास घेतो. घेऊ काय ऑर्डर? तुम्ही कसं जमवता हे सगळं?

सुईदोरा_खानापूर

अगं तूच सगळे आकडे दिलीस आणि बेरीज तेवढी केली नाहीस बघ. तुला एक सेट पडतो कितीला ते सांग आधी.

अनगोळची_आई

कापड १६०, दोरा नाडी लेस २० धरा, पिशवी आणि लेबल १५. म्हणजे १९५.

सुईदोरा_खानापूर

हं. मग २६० तनं १९५ गेले, राहिले ६५. अडीच तासाला ६५ म्हणजे तासाला २६ रुपये. आमच्या खानापुरात रोजावर भुईमूग काढायला गेलीस तरी याच्यापेक्षा जास्त मिळतंय, वर चहा. आणि ४० सेटला अडीच तासानं शंभर तास लागणार, तुझ्याकडं रोजचे साडेतीन धरून एकवीस दिवसांत होतात त्र्याहत्तर. ते पण कुणाला ताप आला नाही, लाईट गेली नाही आणि दसऱ्याला एक पण पाहुणा आला नाही तर! हे सगळं करून हातात २६०० आणि ते पण तो माल विकल्यावर. नाव होईल म्हणालेत ना मिस्टर, त्यांना म्हणावं तुम्ही महिनाभर ऑफिसात नाव होण्यासाठी काम करा.

रागावू नको, मी हेच करून बसलो होतो म्हणून एवढं तडतडालोय. मी मुलींचे फ्रॉक आणि खणाचं परकर-पोलकं शिवतो, जुळी पोरं हायत, आता सहा वर्षांची. ती दीड वर्षांची असताना एका दुकानाला संक्रांतीसाठी बोरन्हाणाचे तीस काळे फ्रॉक दिलो, तसंच, विकल्यावर पैसे. संक्रांत झाल्यावर अकरा फ्रॉक परत आले. बोरन्हाणाचा काळा फ्रॉक फेब्रुवारीत कोण घेणार? वर त्यातल्या दोनांवर कुणीतरी घालून बघितल्याचा डाग.

वेळेचं विचारलीस ना, त्याचं मला जे उमगलं ते सांगतो. आधी मी एक फ्रॉक पूर्ण करायचा मग दुसरा घ्यायचा असं करत होतो, त्यात दर वेळी कात्री काढ, मशीनचा दोरा बदल, इस्त्री तापव, आणि मधेच पोरगं उठलं की सगळं अर्धवट. आता कामं पोरांवरनं वाटून ठेवलीत. कापड बेतायचं फक्त पोरं झोपलेली असताना, कात्री आणि टाचण्या बाहेर असतात म्हणून. एका बैठकीत आठ-दहाचं बेतून गठ्ठे बांधून ठेवायचे. मशीनवर टीप मारायची तेव्हा पोरं जागी असली तरी चालतात पण कुणीतरी मोठं घरात पाहिजे. आणि नाड्या उलटवणं, धागे तोडणं, हूक लावणं, घडी घालणं हे पोरांच्यात बसून होतंय, माझ्या पोरी तर नाडी उलटवायला भांडतात. असं केल्यावर माझा एका फ्रॉकचा वेळ पाऊण तासानं कमी झाला, हात काही जोरात चालायला लागले नाहीत, नुसतं उठबस कमी झाली.

सासूचं म्हणशील तर माझी सासू पण असंच बोलायची, त्यावर माझ्याकडं औषध न्हाई.

वडगावचा_माग

मी पुरुष माणूस मधे बोलतोय, घरात साडीचे चार पॉवरलूम आहेत म्हणून कापडावर बोलू शकतो. ताई, सेटला १६० चं कापड हे जास्त वाटालंय. तुम्ही मीटरवर घेताय का? खडेबाजारात किंवा शहापुरात मीटरवर घेतलं की दुकानदाराचं सगळं त्यात असतंय. तोच माल ताग्यानं घेतला तर फरक पडतो. रोजच्या झबल्याला पॉपलीन-कँब्रिक इचलकरंजीत घ्या, एका चकरेत तीन-चार महिन्यांचं येईल. बेळगाव ते निपाणी राज्यातल्या राज्यात धावणारी बस बघून बसा, आधार कार्ड ठेवा जवळ, कर्नाटकच्या शक्ती योजनेत बायकांना फुकट आहे, कोल्हापूर बोर्डाची गाडी पकडली तर पूर्ण तिकीट. निपाणीतनं पुढं महाराष्ट्राच्या हद्दीत एसटीला बायकांना अर्धं तिकीट. सीमाभागाचं एवढं तरी सुख घ्या.

पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, बघून घ्या मात्र. ३६ इंची पन्ह्यात जे दुपटं बसवायला जोड लागतो ते ४४ मध्ये अखंड निघतं आणि बाजूच्या पट्टीत टोपडं बसतं. आणि नवीन कॉटन आधी भिजवून, वाळवून मगच बेता, खळ निघते आणि जे आटायचं ते आटून जातं, नाहीतर पहिल्या धुण्यात झबलं बाळाला होत नाही आणि नाव तुमचं खराब होतं. हे तुम्ही करतच असाल.

अनगोळची_आई

भिजवते हो. मीटरवरच घेते, ताग्याला एकदम पैसे घालायची भीती वाटते. पन्ह्याचं लक्षातच आलं नव्हतं, मी दुपट्याला जोडच देत होते.

सुईदोरा अक्का, तासाला २६ वाचून मी दोन मिनिटं गप्प बसले. मिस्टरांना पण दाखवलं, ते म्हणाले बाईंना हिशोब येतो.

हिशोबवही

एक मुद्दा कुणी काढला नाही म्हणून लिहितो, मी टॅक्सचं काम करतो. कोल्हापूर आपल्याला घरच्यासारखं असलं तरी जीएसटीत ते परराज्य आहे. वर्षाला ४० लाखांच्या आत विक्री असेल तर माल विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही हे सगळ्यांना पाठ असतं पण ती सवलत राज्यातल्या राज्यात. करपात्र माल राज्याबाहेर पाठवून विकायचा म्हटलं की एक झबलं असलं तरी नोंदणीचा नियम लागतो. म्हणजे तुम्ही दोनशे-अडीचशे सेट हुबळी-बेंगळूरला पाठवले तर प्रश्न नाही आणि पंधरा किलोमीटरवर महाराष्ट्रातल्या शिनोळीला दिलेत तर प्रश्न आहे. कंपोझिशन योजना (छोट्या धंद्याला ठराविक दरानं कर भरायची सोय) घेऊन पण राज्याबाहेर माल विकता येत नाही.

हातभरतकाम, हातमागाचं कापड अशा हस्तकलेच्या ठराविक वस्तूंना यातनं २० लाखांपर्यंत सूट आहे, त्याला पॅन आणि ई-वे बिल (माल नेताना ऑनलाइन काढायचा कागद) लागतं. पण मशीनवर शिवलेलं झबलं त्या यादीत बसवायला जाऊ नका, तुमच्या सीएला विचारूनच ठरवा. नोंदणी घेतलीत तर २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आहे, तेवढं जड नाही, जड आहे ते दर महिन्या-तिमाहीला रिटर्न भरणं, विक्री शून्य असली तरी.

दुसरा रस्ता आहे. दुकानदार नोंदणी असलेला असेल तर त्यालाच म्हणा कापड तू पाठव, मी फक्त शिवून देते. मग तुम्ही माल विकत नाही, शिलाईची सेवा देता, आणि सेवा राज्याबाहेर दिली तरी २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. कापड राज्याबाहेर जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्याकडनं शिवून घ्यायला, पाठवताना किंमत कितीही कमी असो ई-वे बिल काढायला लागतं पण ते त्याचं काम. तुमचे कापडात अडकणारे पैसे पण वाचतात. ४० सेटला १९५ नं ७८०० तुम्ही आधी घालणार होता, ते विकल्यावर मिळणार होते, हे कुणी बघितलं नाही बहुतेक.

सुईदोरा_खानापूर

७८०० चं माझ्या पण लक्षात आलं न्हवतं. बघ म्हणजे त्याच्या दुकानात तुझ्या पैशानं माल भरायला चालली होतीस.

टिळकवाडी_आजी

मला नातवंडं चार, आणि पस्तीस वर्षं शिवणकाम केलंय. पैशाचं सांगणारे पुष्कळ झाले, मी दुसरंच सांगते.

रांगतं बाळ आणि शिवणकाम एका खोलीत म्हणजे सुई हरवली की घर डोक्यावर घ्यायला हवं. मी मशीनच्या डब्यात टाचण्या मोजून ठेवायची, वीस म्हणजे वीस, काम संपलं की मोजायच्या. सुई मोडली तर दोन्ही तुकडे मिळेपर्यंत उठायचं नाही, आणि शिवून झालेल्या प्रत्येक कपड्यावरनं लोहचुंबक फिरवायचं. तुझ्या बाळासाठी पण आणि दुसऱ्याच्या पण. मोटरची मशीन असेल तर उठताना प्लग काढ, तुझा मुलगा पायडल धरून उभा राहतो म्हणालीस ते वाचून माझ्या पोटात गोळा आला.

झबल्याच्या गळ्याला लांब नाडी ठेवू नकोस, टोपड्याचा बंद सुद्धा आखूड. तान्ह्याच्या झबल्याची शिवण बाहेरच्या अंगाला ठेवायची, आमच्या आईच्या वेळचं आहे हे, त्यात फॅशन बघायची नाही. आणि कपडे साठवून ठेवतेस तिथं डांबरगोळ्या अजिबात नकोत. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एका एन्झाइमची कमतरता असते, त्यांना त्या वासानं सुद्धा कावीळ होऊ शकते, आणि बाळ कुणाचं कसं आहे ते कुणाला ठाऊक. कडुनिंबाचा पाला वाळवून पुरचुंडीत ठेव.

सासूबाईंचं म्हणशील तर त्या चिंध्या त्यांच्या पुढ्यात नेऊन ठेव आणि वाकळ शिवायला घ्या म्हण. शिवतील नाहीतर ओरडतील, काहीतरी एक होईल.

वडगावचा_माग

आजी 🙏 आमच्या आईनं हे वाचलं असतं तर तुमच्या घरी आली असती.

आणि ताई, शिवणकामाला पीएम विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी १५ हजारांपर्यंतचं व्हाऊचर असतंय, घरातल्या एकालाच. सध्या अर्ज घेतात का ते सीएससी सेंटरात (सरकारी ऑनलाइन अर्ज भरून देतात ते) विचारा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, फुकट आहे, आधार-पॅनवर घरी बसून होते, कुणाला पैसे देऊ नका त्याला.

अनगोळची_आई

तीन दिवसांनी लिहितेय, माफ करा, मोठीला सर्दी होती मग धाकट्याला.

दुकानदाराला मेसेज केला. कापड तुमचं, शिलाई सेटला १८०, पंधरा सेट, निम्मे पैसे आधी. १८० लिहिताना हात थरथरत होता, दोनदा खोडून १५० केलं आणि परत १८० केलं. निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. नाही आलं तर नाही, नेहमीच्या सेटचा भाव मी ४२० केलाय स्टेटसवर आणि काल दोघींनी काही न बोलता घेतला, एकीनं मात्र "अक्का आम्हाला तरी जुना भाव" केलं. तिला दिला जुन्या भावात, जमलंच नाही नाही म्हणायला.

गठ्ठे बांधून बेतायचं काल करून बघितलं, सहा सेटचं एका दुपारी झालं. टाचण्या मोजल्या, सतरा निघाल्या, किती होत्या तेच माहिती नाही त्यामुळं सगळी खोली झाडली, एक कपाटाखाली सापडली.

वाकळीचं सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, एवढ्या तुकड्यांची कसली वाकळ होतेय, आण अजून.

आता एकच विचारायचं राहिलं, रात्री मशीनचा आवाज खाली फरशीत घुमतो त्याला काय करता? रबर मॅट म्हणून एकीनं सांगितलं, कुठं मिळेल आपल्याकडं?

सुईदोरा_खानापूर

मॅटला पैसे कशाला घालतीस. सायकलच्या दुकानात जुनी ट्यूब माग, चार तुकडे दुहेरी घडी करून मशीनच्या पायांखाली घाल, त्यावर जुनी सतरंजी. माझं तीन वर्षं तेच हाय.